घरभर फिरलेली ट्यूब

वैशालीकडे कुणी नुसतं तोंड घेऊन जायची सोय नव्हती. बेल वाजवली की आधी "या ना" नाही, "बसा" नाही. ही बाई आपली हनुवटी दोन बोटांत धरणार, तोंड बाल्कनीच्या उजेडाकडे वळवणार आणि विचारणार, "रोहिणीताई, ही पुळी कधी आली हो?" अगं बाई, मी विरजण मागायला आलेय, पुळी दाखवायला नाही! पण ऐकेल तर ती वैशाली कसली. पोस्टमन आणि वॉचमन तेवढे सुटायचे, तेही परके पुरुष म्हणून.

कामोठ्याच्या आमच्या सोसायटीत आम्ही दोघी एकदमच राहायला आलो. समोरासमोर दारं. ती फलटणकडची, मी गुहागरची. तिचे मिस्टर दिनानाथ तळोज्याच्या एका कंपनीत शिफ्ट इन्चार्ज, घरात एकुलती एक प्राची. हाताला चव असलेली, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारी बाई. पण दोन्ही गालांवर खड्डे. तरुणपणी मुरुमं फार आली होती म्हणे, आणि गावाकडे कोण डॉक्टर दाखवतंय? पिळली, फोडली, राख लावली, झालं.

तिला बघायला आले तेव्हाची गोष्ट तिनेच मला सांगितलेली. पोहे झाले, नाव-गाव झालं, आणि मुलाची आत्या म्हणाली, "जरा खिडकीपाशी बस गं, उजेडात." ती बसली. आत्याने हनुवटी धरून इकडून बघितलं, तिकडून बघितलं. निरोप काही आला नाही. असं अजून दोन-तीन ठिकाणी झालं. शेवटी दिनानाथरावांचं स्थळ आलं. "यांच्या चष्म्याची काच जाड, म्हणून जमलं माझं!" असं म्हणून ती खो खो हसायची. हसता हसता हात मात्र गालावर जायचा.

म्हणून प्राची कॉलेजात गेली आणि तिच्या कपाळावर पहिली पुळी आली, तेव्हा वैशालीच्या तोंडचं पाणी पळालं. त्या वयात कुणाला येत नाही? पण हिचं सुरू. जायफळ उगाळ, मुलतानी माती भिजव, कडुलिंबाच्या पाण्याने तोंड धू. पोरगी नुसती वैतागली. मग एका स्किनच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी दोन ट्यूबा दिल्या. एक पांढरी, एक काचेसारखी पारदर्शक. दोन्ही लावायच्या, तीन महिने, मग परत येऊन दाखवायचं.

पांढरी ट्यूब पहिल्यापासून वैशालीच्या डोक्यात गेली. लावली की आग व्हायची, कातडी कोरडी पडायची. त्यातच प्राचीच्या पलंगावरच्या नव्या कोऱ्या मरून चादरीवर उशीपाशी केशरी-पांढरे डाग पडायला लागले. वैशालीने कामवालीला झापलं, साबण बदलला, मशीनवाल्याला बोलावलं. टॉवेलचंही तेच व्हायला लागलं तेव्हा कुठे ट्यूब पेटली. हो, ट्यूबलाइट! मलमानेच कपड्यांचा रंग जात होता. "रोहिणीताई, जे चादर खातं ते माझ्या पोरीच्या गालाचं काय करेल?" असं म्हणून तिने पांढरी ट्यूब कचऱ्यात फेकली. डॉक्टरांना विचारायला काही गेली नाही.

पारदर्शकवाली मात्र तिची लाडकी झाली. थंडगार, वास नाही, डाग नाही, आग नाही. ते अँटिबायोटिक जेल होतं. थोड्याच दिवसांत प्राचीचा चेहरा असा काही नितळ झाला की वैशाली सगळ्या मजल्यांवर सांगत सुटली. तीन महिने संपले. डॉक्टरांकडे परत कशाला जायचं? बरं तर झालंय. मेडिकलवाला ओळखीचा, आधी जुन्या चिठ्ठीवर द्यायचा, मग चिठ्ठीशिवाय द्यायला लागला. ट्यूब फ्रिजच्या दारात, लिंबांच्या शेजारी. तिथून ती घरभर फिरायची. दिनानाथरावांनी दाढी केली, लाव. डास चावला, लाव. फोडणीचं तेल उडालं, लाव. आणि प्राचीला तर सकाळ-संध्याकाळ, वैशाली स्वतःच्या बोटाने लावायची. पोरगी ऐरोलीला नोकरीला लागली तरी आईपुढे तोंड करून उभी राहायची, डोळे मिटून. ते बघायला मला आवडायचं, खरं सांगते. माझ्या आईने माझ्या तोंडाला कधी हात लावल्याचं मला आठवत नाही.

अशी वर्षं गेली. मग मुरुमं परत यायला लागली. एक पुळी बसली की दोन उठायच्या. वैशालीने ट्यूब बदलून आणली, म्हणे ही जुनी असेल. मग दोनदाच्या ऐवजी चारदा लावायला लागली. मी म्हटलं, "अगं, उपयोग होत नाहीये तर दुसरं काहीतरी बघ ना." तर म्हणते, "यानेच बरं झालं होतं, यानेच होणार."

प्राचीचं लग्न ठरलं ते याच दिवसांत. मुलगा शौनक, नावडे कॉलनीतला, शांत आणि भला. त्याची आई पहिल्यांदा घरी आली तेव्हा वैशालीने तिला मुद्दाम खिडकीकडे पाठ करून बसवलं, म्हणजे समोर बसलेल्या प्राचीच्या तोंडावर थेट उजेड पडणार नाही, असा तिचा हिशोब. तो साफ चुकला, कारण खिडकीचा उजेड नेमका प्राचीच्या तोंडावर पडला. विहीणबाईंनी चेहऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण त्या गेल्या गेल्या वैशालीने फ्रिज उघडून ट्यूब काढली.

मग केळवणं सुरू झाली. आज या मावशीकडे जेवण, उद्या त्या काकूकडे. जो तो नवरीला ओवाळणार, कुंकू लावणार, गालावरून हात फिरवणार. वैशालीच्या पर्समध्ये प्लास्टिकच्या डबीत ती ट्यूब असायचीच. जेवण झालं की पोरीला बेसिनपाशी नेऊन सगळीकडे ठिपके लावून आणायची. कुणी हसलं तर म्हणायची, "हळदीपर्यंत एक पुळी उठू देणार नाही."

आणि हळद आठवड्यावर आली असताना उठलीच. नाक आणि वरचा ओठ यांच्या मध्ये, डाव्या बाजूला. लाल, टणक, दुखरी.

मी तेव्हा तिथेच होते, मेंदीचे कोन आणून दिले होते. वैशालीने गरम पाण्यात रुमाल बुडवून शेकलं आणि दोन्ही अंगठ्यांनी पुळी दाबली. प्राचीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी ओरडले, "अगं सोड, पिकलीसुद्धा नाहीये ती!" वैशालीच्या कपाळावर घाम होता. "हळदीच्या आत बसली पाहिजे, ताई. उष्टी हळद तोंडाला लागणार, सगळे बघणार." थोडं रक्त आलं. तिने ते पुसलं आणि वर जेलचा जाड थर दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ सुजला. दुपारी गाल. वैशालीने बाल्कनीचा पडदा ओढून घेतला. इतक्या वर्षांत त्या घराचा पडदा दिवसा ओढलेला मी पाहिला नव्हता. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, म्हणाले उतरेल. उतरलं नाही. सूज वर चढली, ताप भरला, पोरगी हुडहुडी भरून कुडकुडायला लागली. आणि वैशाली काय करत होती? मेकअपवालीला फोन! सूज झाकता येईल का म्हणून. मला असा राग आला होता, सांगते. फोन हिसकावून घेणार होते मी.

तेवढ्यात आतून प्राचीचा आवाज आला. "आई, मला दोन दोन दिसतंय."

आम्ही धावलो. डावा डोळा जवळजवळ मिटलेला, पापणी टोमॅटोसारखी. तिने हात पुढे केला, पण आईच्या हाताच्या बाजूलाच हवेत धरला. "आई, तू दोन दिसतेयस गं."

वैशालीच्या हातातून फोन पडला. रिक्षा कुणी आणली, लिफ्ट कधी आली, मला काही आठवत नाही. दिनानाथराव कंपनीतून परस्पर हॉस्पिटलला आले, हेल्मेट डोक्यावर तसंच.

तिथल्या डॉक्टर सिदरा. वय फार नाही, म्हसळ्याकडच्या, मराठी आपल्यासारखीच. त्यांनी ग्लोव्हज घातले, टॉर्च मारून डोळा तपासला, मान वाकवून बघितली. मग विचारलं, "पुळी दाबली होती का?"

दिनानाथरावांनी वैशालीकडे बघितलं. शेवटी वैशाली म्हणाली, "थोडीशीच. डॉक्टर, डाग तर नाही ना राहणार? लग्न आहे हो."

"काकू, डागाचं नंतर बघू. नाक आणि ओठ यांच्या मधल्या या जागेचं रक्त डोळ्याच्या मागून जातं. इथला संसर्ग आत गेला, तर डोळ्याला धोका असतो आणि मेंदूलाही. आधी स्कॅन करू."

मेंदू हा शब्द ऐकला आणि वैशाली मटकन खाली बसली. बाकावर नाही, फरशीवर. मी तिला उठवायला गेले तर अंग थंडगार. प्राचीला स्ट्रेचरवरून आत नेलं, दार बंद झालं. दिनानाथराव चष्मा काढायचे, पुसायचे, घालायचे, परत काढायचे. "आमी काय वाईट केलं होतं कुणाचं?" एवढंच दोनदा बोलले. आणि वैशालीने माझा पदर मुठीत धरला.

"ताई, खड्डे चालतील मला," ती म्हणाली. "सगळं तोंड खड्डे होऊ दे. लग्न मोडू दे. मला पोरगी पाहिजे. सांगा ना कुणीतरी त्यांना, मला डागाचं काही नाही."

माझ्या डोळ्यासमोर नको नको ते येत होतं. समोर भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र लावलेलं होतं, तेच मी पुन्हा पुन्हा वाचत बसले.

स्कॅनमध्ये डोळ्यामागच्या शिरेत, डॉक्टरांना भीती होती तशी, रक्ताची गाठ दिसली नाही. पण डोळ्याच्या आजूबाजूला संसर्ग पसरलेला होता. सलाइनमधून औषधं सुरू झाली. पुवाचा नमुना तपासायला गेला. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत ताप चढायचा, उतरायचा, परत चढायचा. प्रत्येक वेळी नर्स थर्मामीटर बघायची आणि वैशाली नर्सचं तोंड बघायची.

रिपोर्ट आला आणि डॉक्टर सिदरांनी औषध बदललं. मग आम्हाला बाहेर बोलावून विचारलं, "ही चेहऱ्याला आधीपासून काही लावते का?"

वैशालीने पर्समधून डबी काढली. अजूनही थोडी आशेनेच काढली, की हे बघा, आम्ही काळजी घेत होतो. डॉक्टरांनी ट्यूब वाचली. "किती वर्षं?"

वर्षं ऐकली आणि त्यांनी ट्यूब परत डबीत ठेवली. मग खुर्ची ओढून वैशालीच्या समोर बसल्या. ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"काकू, तुम्ही सोसायटीत राहता ना? कातडीवर पण तशीच वस्ती असते. लाखो जंतू. बहुतेक सगळे साधे, शेजारधर्म पाळणारे. मुरुमांचे जंतू खोल, तेलाच्या छिद्रांत राहतात. या गळवाचे जंतू वेगळे, ते नाकात, कातडीवर कुठेतरी गपचूप असतात. तुम्ही मलम लावलंत मुरुमांसाठी, पण पडलं सगळ्यांवर. आधी चांगला गुण आला, कारण पुष्कळ जंतू मेले. जे मेले नाहीत ते या औषधाला पुरून उरणारे होते. रोज रोज तेच औषध, मग त्यांचीच वस्ती वाढली. म्हणून मुरुमंही ऐकेनाशी झाली, आणि आता हे गळूही. खालच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या याच औषधाच्या होत्या. त्या कशा लागू पडणार?"

"पण हे डॉक्टरांनीच दिलं होतं," दिनानाथराव म्हणाले.

"तीन महिन्यांसाठी दिलं असेल. आणि सोबत एक पांढरी ट्यूब असेल."

वैशाली हळूच म्हणाली, "ती चादरी खराब करायची."

"करते. पण जंतूंना त्या औषधाची सवय होत नाही. ती सोबत असली की या जेललाही ते सहज पुरून उरत नाहीत, म्हणून दोन्ही एकत्र देतात." डॉक्टरांनी डबी बंद केली. "हे घरात अजून कोण कोण लावतं?"

दिनानाथरावांनी आपल्या दाढीवरून हात फिरवला. वैशालीने आपल्या बोटाकडे बघितलं. उजव्या हाताची तर्जनी, ज्या बोटाने ती रोज लावायची.

तिघांच्याही नाकातला नमुना घेतला. दिनानाथरावांच्यात काही निघालं नाही. वैशालीच्या नाकात ते गळवाचे जंतू निघाले, तसेच हट्टी, त्याच औषधाला न जुमानणारे. डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं, की तुमच्याकडून तिला गेलं की तिच्याकडून तुम्हाला आलं, हे कुणीच सांगू शकत नाही. एका घरात राहणाऱ्यांचे जंतू इकडून तिकडे जातातच. नाकात लावायचं मलम दिलं, अंघोळीचं औषध दिलं, टॉवेल वेगळे करायला सांगितले. वैशालीने सगळं मान हलवत ऐकलं. पण मला दिसत होतं, तिने ऐकलं एकच, तुमच्याकडून तिला गेलं. ती खोलीत गेली आणि पलंगापासून लांब, भिंतीला टेकून उभी राहिली. प्राचीने हाक मारली, "आई, बस ना इथे." तर म्हणाली, "इथूनच दिसतेस की."

नवीन औषध लागू पडलं. ताप गेला, पापणी उघडली, पोरीला एकाची एकच आई दिसायला लागली. शौनक रोज यायचा. त्याची आई आली, म्हणाली, "मुहूर्त काय, दुसरा निघेल. सून कुठून आणू दुसरी?" मी त्या बाईला तिथेच नमस्कार केला. ओठाच्या वर मात्र प्राचीला खड्डा पडला. बऱ्यापैकी खोल. मला वाटलं, आता वैशाली हाय खाणार. तिने तो पाहिलासुद्धा नाही. ती फक्त लाली आहे का, सूज आहे का, एवढंच शोधत होती.

पावसाळा उलटल्यावर लग्न झालं. नावड्याहून नवऱ्याची उष्टी हळद आली, पितळी वाटीत, वर फुलं. त्याच्या अंगाची उरलेली हळद नवरीला लावायची, ही रीतच. वैशाली वाटी घेऊन दारातच अडून बसली. "तोंडाला नको. पायांना लावा, हातांना लावा. तोंडाला कुणी हात लावायचा नाही." फलटणच्या बायका कुजबुजल्या, कुणी म्हणालं अपशकुन, कुणी म्हणालं शिकल्यासवरल्यांची थेरं. पण वैशालीचा चेहरा बघून पुढे कुणी बोललं नाही. आणि पहिली हळद आईने लावायची, तर तिने वाटी माझ्या हातात दिली. "तुम्ही लावा, रोहिणीताई. आधी साबणाने हात धुवा." मी धुतले. प्राचीच्या पायांना हळद लावताना वर बघितलं, तर पोरगी आईकडे बघत होती आणि आई खिडकीकडे.

निरोपाच्या वेळी सगळ्यांनी तिला कुशीत घेतलं. वैशालीची पाळी आली. तिने आलाबला घेतली, पण कशी? दोन्ही हात पोरीच्या गालांपासून वीतभर लांब, हवेतच खाली आणले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

"आई, तुझी दुसरी तपासणी झाली ना?" प्राची रडत म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्या ना, तुझ्यात आता काही नाही?"

"म्हणाल्या."

"मग लाव ना हात."

"सांभाळून राहा हं," वैशाली म्हणाली, आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

आता मी तिच्याकडे जाते तेव्हा ती म्हणते, "या ना, बसा." मी मुद्दाम बाल्कनीच्या उजेडात उभी राहते. परवा तर कपाळावर खरीखुरी पुळी होती माझ्या. ती पाण्याचा तांब्या ठेवून गेली. मला इतकं वाईट वाटलं, की मी घरी येऊन रडले. माझी हनुवटी आता कोण धरणार?

सकाळी मात्र चहाच्या वेळी तिचा फोन वाजतो. नावड्याहून प्राची रोज, दात घासून झाले की, स्वतःच्या चेहऱ्याचा फोटो पाठवते. न केसांना फणी, न टिकली, नुसता चेहरा उजेडात धरलेला. फोटो आला नाही की वैशालीचा घास घशाखाली उतरत नाही, हे पोरीला माहीत आहे. फोटो येतो. वैशाली आधी हात धुते. मग चष्म्याच्या रुमालाने फोनची काच पुसते. मग दोन बोटांनी पोरीचा गाल मोठा करते, कपाळ मोठं करते, ओठाच्या वरचा तो खड्डा मोठा करते, आणि त्याच्यावरून तर्जनी हळूच फिरवत बसते.

"चहा गार होतोय गं," मी म्हणते.

"हो, हो," ती म्हणते, आणि काच परत पुसते.